स्वच्छ पापण्या

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन दुसऱ्यांदा रद्द केलं, तेव्हा सून दवाखान्याच्या जिन्यातच बसली. रजा टाकायची, सासूला आवरून, भाड्याची गाडी करून इथपर्यंत आणायची, आणि बाईंनी बॅटरीच्या उजेडात एकवार पापण्या उलट्यासुलट्या करून म्हणायचं, "या पापण्यांवर मी सुरी धरणार नाही." बस्स. चला घरी.

सासूचा एक डोळा काचबिंदूने केव्हाच नेला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून टणक झाला होता आणि आतला दाब चढत चालला होता. मोतीबिंदू काढला तर डोळा वाचणार. पण पापण्यांच्या कडा कायम लाल, सुजलेल्या, केसांच्या मुळाशी कोंडा धरलेला. बाई त्याला ब्लेफरायटिस म्हणायच्या. त्या घाणीतला एखादा जंतू ऑपरेशनच्या वेळी आत शिरला तर डोळा हातचा जाणार. थांबत बसलं तर दाबाने जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. "पुढची तारीख शेवटची," बाई म्हणाल्या. "त्यानंतर मी केलं काय नि न केलं काय, सारखंच."

सुनेचा संताप एवढ्यासाठी नव्हता. बाई जाता जाता म्हणाल्या होत्या, "घरी कोणी साफ करत नाही वाटतं?" ते तिला झोंबलं होतं. करत नाही? रोज सकाळी कामावर जायच्या आधी गरम पाण्यात पिळलेलं फडकं सासूच्या डोळ्यांवर ठेवायचं, मग कडा दाबायच्या, मग पुसायच्या. तिच्या स्वतःच्या केसांना कंगवा लागायची मारामार, पण सासूच्या पापणीचा केस न् केस तिला पाठ होता. राब राब राबा आणि वर बोलणी खा, हे तिच्या कपाळी लिहिलेलंच होतं, पण निदान तपासून तरी बोलावं माणसाने.

पहिली तारीख रद्द झाली तेव्हाच बाईंनी दवाखान्यातच, यंत्राने पापण्या साफ करून घ्यायला सांगितलं होतं. ते काम तळमजल्यावरच्या एका खोलीत चालायचं. तिथल्या बाईला सगळा दवाखाना 'पापण्यावाली' म्हणायचा आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. मागच्या महिन्यात तिने सासूच्या पापण्या एकदा साफ करून दिल्या होत्या. आज दुसरी खेप होती.

"या आजी. झोपा. पाय वर. डोक्याखाली उशी आहे, शोधू नका." पापण्यावाली तोंडावरच्या मास्कमधूनही अखंड बोलायची. तिने सासूच्या डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकला, पेन्सिलीएवढं यंत्र हातात घेतलं आणि त्याच्या टोकाला टिकलीएवढा स्पंज बसवला. बटण दाबल्यावर स्पंज गरगर फिरायला लागला. "दुखणार नाही. मुंगी फिरल्यासारखं वाटेल. मुंगीला मारायला हात वर आणायचा नाही, काय?"

"मुंग्या बघायला दिसतंय कुठे," सासू म्हणाली.

तरुणपणी सासू कापड गिरणीत तपासणीला होती. तयार कापड समोरून सरकत जायचं आणि हिने त्यातला दोष पकडायचा. तुटलेलं सूत, पडलेली गाठ, तेलाचा डाग. हिच्या हातून काही सुटायचं नाही म्हणून गिरणीत तिला 'घार' म्हणत. म्हातारपणी नजर गेली, पण नाव राहिलं. लाडात किंवा रागात असला की तिचा मुलगाही तिला घारच म्हणायचा.

स्पंज पापणीच्या कडेवरून सावकाश इकडून तिकडे, तिकडून इकडे गेला. पापण्यावालीने प्रत्येक पापणीला नवा स्पंज लावला, मिठाच्या पाण्याने डोळा धुतला, मग दोन कापसाच्या काड्यांमध्ये पापणी धरून हलकेच दाबली. मेणासारखी घट्ट चरबी वर आली. तिने ती जाळीच्या कापडावर पुसली आणि पुसता पुसता थांबली. तिची बडबडही थांबली, आणि तेच सुनेला जास्त जाणवलं.

"हा नुसता कोंडा नाही," ती म्हणाली. "वर काहीतरी तेलकट बसलंय. मागच्या खेपेला मी लख्ख करून दिल्या होत्या. घरी कोण काय लावतं?"

"काही नाही. तुम्ही दिलेल्या थेंबांशिवाय काही नाही," सून म्हणाली.

"कोणीतरी लावतंय. असं आपोआप येत नाही हे. आजी, तुम्ही लावता का काही?"

"नाही गं बाई. मला माझीच बोटं दिसत नाहीत, लावू काय?"

पापण्यावालीने ते कापड सुनेपुढे धरलं. सुनेने वाकून वास घेतला. कापूर, आणि त्याच्या खाली खवट झालेल्या लोण्यासारखा काहीतरी वास. ती ताठ उभी राहिली. हा वास तिच्या घरातल्या उशीला होता, पांघरुणाला होता, दाराच्या कडीला होता. तिच्या नवऱ्याच्या मलमाचा वास होता तो.

नवरा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. गेल्या वर्षी वितळलेल्या काचेचा लोट उसळला आणि त्याची डावी बाजू खाऊन गेला. गाल, कान, मान. जीव वाचला, पण डाव्या बाजूचा चेहरा म्हणून काही उरला नाही. तो इस्पितळात असताना सासूचा रक्तदाब इतका वाढला होता की दोघांनी मिळून ठरवलं, हिला सांगायचं नाही. हाताला भाजलंय, एवढंच सांगायचं. नाहीतरी हिला दिसतंय कुठे? एकदा खोटं बोललं की पुढची खोटी आपसूक येतात. ओठ ओढला गेल्यामुळे त्याचं बोलणं बदललं, तर दाढा काढल्या म्हणून सांगितलं. मलमाचा वास हाताचा म्हणून सांगितला. आईने हात पुढे केला की तो आपला उजवा हात तिच्या हातात द्यायचा आणि उशीर होतोय म्हणून सटकायचा. भिंतीवरचा आरसा त्याने स्वतःच काढून माळ्यावर टाकला. कारखान्याने त्याला गोदामावर रात्रपाळीचा राखणदार केलं, आणि ते त्यानेच मागून घेतलं होतं. सकाळी यायचं, मलम लावायचं, ठणका थांबायची गोळी घ्यायची आणि बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर मेल्यासारखं झोपायचं. दुपारी उठला की आईच्या डोळ्यात थेंब घालायचे, हे एवढं काम त्याच्याकडे होतं. सून तेव्हा कुरिअरच्या कचेरीत पाकिटं वेगळी करत असायची.

आणि ऑपरेशनची पहिली तारीख ठरली तेव्हा तो म्हणाला होता, "एवढी घाई कशाला? वय झालंय तिचं. काय बघायचं राहिलंय आता?" हे वाक्य सुनेच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आज तिथे कळ मारली.

घरी आल्यावर तिने सासूला आत बसवलं, नवऱ्याला खुणेने जिन्यात बोलावलं आणि दार ओढून घेतलं. या घरातली भांडणं वर्षभर जिन्यातच व्हायची, तीही कुजबुजत. आत बोललं तर आईला कळेल. एरवी ती त्याला 'अहो' म्हणायची. आज सरळ 'तू'वर आली.

"तू लावतोस."

"काय?"

"तुझं मलम. आईंच्या पापण्यांना."

तो बघत राहिला. त्याचा अर्धा चेहरा हलतच नसे, त्यामुळे त्याला काय वाटतंय हे समजून घ्यायला वेळ लागायचा. तेवढा वेळ तिच्याकडे आज नव्हता.

"डोकं फिरलंय का तुझं? मी थेंब घालतो. हात धुऊन घालतो."

"मग मलम कुठून आलं? दुपारी घरात कोण असतं? मी असते? का भिंत येऊन लावून जाते?"

"मला माहीत नाही."

"तुलाच नको होतं ना ऑपरेशन? खरं सांग."

यावर तो पटकन नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण तो खोटं बोलून बोलून दमला होता. कठड्याला टेकून म्हणाला, "नको होतं. तारीख पुढे गेली की मला बरं वाटायचं. हेही खरं आहे. पण तिच्या डोळ्याला हात नाही लावला मी. आई आहे ती माझी."

"स्वतःचं थोबाड लपवायला आईचा डोळा घेतोस, आणि वर आई म्हणतोस?"

बोलून गेली. बाण सुटला की सुटला. वर्षभरात त्या घरात त्या चेहऱ्याला कोणी काहीही नाव दिलं नव्हतं. 'लागलंय तिथे', 'भाजलंय तिथे', असं बोट न लावता बोलायचे सगळे. आज नाव पडलं.

तो आत गेला. दोन कपडे, गोळ्या आणि मलमाचा डबा पिशवीत भरला. दारातूनच म्हणाला, "आई, लांबच्या गोदामावर पाठवतायत. काही दिवस तिथेच राहीन. येतो."

"जरा इकडे ये ना," आतून सासू म्हणाली.

"उशीर होतोय गं."

सुनेने त्याला थांबवलं नाही. तिला वाटत होतं, जाऊ दे. डोळा वाचू दे आधी, माणसं मागाहून बघू. वाईट याचं वाटतं की तिचं गणित तंतोतंत बरोबर आलं. तो गेला आणि पापण्या सुधारायला लागल्या. लाली उतरली, चिकटपणा गेला, सकाळी डोळा उघडताना केसांची गुंतवळ सोडवावी लागेनाशी झाली. थेंबांसाठी ती दुपारी कचेरीतून धावत यायची, पापणी ओढून बघायची, आणि कड स्वच्छ दिसली की तिच्या जिवाला बरंही वाटायचं आणि नवऱ्याची आणखी चीडही यायची. आणखी काय पुरावा हवा होता?

तारखेच्या आधी पापण्यावालीने शेवटचा हात फिरवला. "आता कसं! अशा पापण्या बघितल्या की मला घरी जाऊन झोप लागते. आजी, कोण लावत होतं ते सोडलेलं दिसतंय."

"काय लावत होतं?" सासूने खुर्चीतूनच विचारलं.

"काय की. मलमासारखं काहीतरी. कापराचा वास होता बघा त्याला."

सासूचा मांडीवरचा हात हळूच उचलला गेला. तिने बोटं नाकाशी नेली आणि परत खाली ठेवली. सून तेव्हा चपला शोधत होती. घरी येईपर्यंत सासू एक अक्षर बोलली नाही. ऑपरेशनची भीती वाटत असेल, असं सुनेला वाटलं.

मोठ्या बाईंनी बॅटरी मारली, मान डोलावली आणि सुरी धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा सासूने आधी बाईंच्या कोटाचं निघालेलं बटण दाखवलं, मग तक्त्यावरच्या खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. पापण्यावाली मुद्दाम बघायला वर आली होती. सासू सुनेकडे वळली आणि बराच वेळ तिला न्याहाळत राहिली. "केवढी वाळलीस गं," ती म्हणाली. सुनेला तिथेच रडू फुटलं. इतक्या दिवसांत तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर सासू कापड तपासावं तसं घर तपासत फिरली. आरशाच्या जागी उरलेला फिकट चौकोन तिने बघितला. बाहेरच्या खोलीतली खाट बघितली. गादी गुंडाळून ठेवलेली होती. ती खाटेच्या नुसत्या पट्ट्यांवर बसली.

"कुठे आहे तो?"

"सांगितलं ना, लांबच्या गोदामावर..."

"खोटं बोलताना तू खालचा ओठ चावतेस. आज दिसलं मला." तिच्या आवाजात राग नव्हता. "त्याच्या गालाचं मला माहीत आहे."

सून हातातली पिशवी खाली ठेवून खाटेपाशी आली.

"तो इस्पितळातून आला तेव्हापासून माहीत आहे. तू कामावर गेली होतीस. तो गोळी घेऊन झोपलेला. मी चाचपडत पांघरूण घालायला गेले आणि हात गालावर पडला. जन्मभर बोटांनी कापड वाचलं मी. आणि पोटच्या पोराचा गाल कळणार नाही मला?"

"मग बोलला का नाहीत आई?"

"काय बोलू? तुम्ही दोघं इतकं जपून खोटं बोलत होतात. मला कळत नाही असं त्याला वाटत होतं, म्हणून तर तो या घरात झोपत होता. कळलं असं कळलं असतं तर एक दिवस राहिला नसता." तिने उजव्या हाताचं मधलं बोट पुढे केलं. "कानामागे त्याचा हात पोचत नसे. मलम तिथे गोळाच राहायचं. रोज तो झोपला की मी बसायचे आणि पसरून द्यायचे. गालावर, मानेवर, सगळीकडे. लहानपणी तेल लावायचे तसं. मग यायचं रडू. मग त्याच हाताने डोळे पुसायचे." तिने बोट मिटून घेतलं. "घाण माझ्याच हाताची होती. त्या बाईने वास सांगितला तेव्हा उमगलं. पण तो का गेला, ते नाही उमगलं मला. ते तू सांग."

सुनेने सांगितलं. जिन्यातलं सगळं सांगितलं. 'थोबाड' हा शब्दसुद्धा गाळला नाही. दार ओढून न घेता हे भांडण आत झालं असतं, तर सासू एका वाक्यात ते मिटवू शकली असती. पण तिच्यापासून लपवायचं म्हणून तर ते बाहेर झालं होतं.

सासू तिला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर सुनेला सोपं गेलं असतं. "फोन लाव," एवढंच म्हणाली.

त्याने उचलला. सुनेने रडत, अडखळत, एकातून एक वाक्यं काढत सगळं सांगितलं. "चुकलं माझं. ऐकताय ना? आईच लावायच्या हात, तुम्ही झोपल्यावर. त्यांना पहिल्यापासून माहीत आहे सगळं. या ना घरी."

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

"मला वाटायचं, झोपेत बरं वाटतं ते गोळीमुळे." मग म्हणाला, "आता दिसतंय तिला?"

"हो. सगळं दिसतंय. बाईंच्या कोटाचं बटणसुद्धा दिसलं."

"मग कसा येऊ?"

फोनमधला आवाज बाहेरपर्यंत येत होता. सासूने सुनेच्या हातातून फोन घेतला. "मी डोळे मिटून बसते," ती म्हणाली. "तू ये, गोळी घे, झोप, उठून जा. मी उघडणार नाही. शपथ घेऊन सांगते."

"आई," तो म्हणाला. त्याचं बोलणं ओढल्या ओठातून फोनवर आणखीच तुटक यायचं. "तू घार आहेस. तू उघडशील."

"नाही रे."

"उघडशील गं. मी असतो तर मीही उघडले असते." आणि त्याने फोन ठेवला.

सुनेने परत लावला. लागला नाही. तिने पुन्हा पुन्हा लावला, मग तिचा हात खाली आला. सासूने तोवर खाटेवरची गादी स्वतः सोडली होती, उशी झटकून ठेवली होती, आणि पायथ्याशी ताठ बसून डोळे मिटून घेतले होते.

"त्यांनी ठेवला फोन, आई."

"मला ऐकू येतं. बसते मी."

दुपार झाली. थेंबांची वेळ झाली. ऑपरेशननंतरचे थेंब चुकवायचे नाहीत, चुकले तर डोळा पिकेल, असं मोठ्या बाईंनी बजावून सांगितलं होतं. सून हात धुऊन बाटली घेऊन आली.

"आई, डोळा उघडा."

सासूने मान हलवली.

मग पापण्यावालीने शिकवलं होतं तसं सुनेने अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढली. कड गुलाबी आणि कोरी होती, केसाच्या मुळाशी कणभरही काही नव्हतं. आत सासूने बुबुळ वर चढवून धरलं होतं, चुकूनसुद्धा काही दिसू नये म्हणून. सुनेने थेंब टाकला आणि पापणी सोडली.

"संध्याकाळी परत आहे," ती म्हणाली.

"घाल तेव्हाही असाच," सासू म्हणाली. "आणि ते दार लावलंस का गं? उघडं ठेव."